गृहयंत्रशाळा

घराच्या एखाद्या खोलीत, पडवीत किंवा अंगणातील आडोशाला मोजकी यंत्रे व हत्यारे मांडून हौसेसाठी, घरच्या गरजेसाठी अथवा जोडधंद्यासाठी धातुकाम, यंत्रांची जुळणी व दुरुस्ती जेथे केली जाते, अशा लहान कर्मशाळेस गृहयंत्रशाळा म्हणतात. कारखान्यातील यंत्रशाळेपासून ती काही बाबतींत वेगळी असते. कारखान्यात एका यंत्रावर एकच क्रिया पुनःपुन्हा केली जाते, तर गृहयंत्रशाळेत एकाच यंत्रावर अनेक क्रिया कराव्या लागतात. कारखान्यात एका वस्तूचे हजारो नग काढावयाचे असतात, येथे बहुधा एकच नग हवा असतो. शिवाय येथे आराखडा करणारा, काम करणारा आणि ती वस्तू वापरणारा हे तिघे पुष्कळदा एकच असतात. त्यामुळे वेळेच्या हिशेबापेक्षा कामाच्या नेटकेपणाला येथे अधिक महत्त्व येते.

पाश्चात्त्य देशांत ही संस्था मुख्यत्वे सुखवस्तू लोकांचा छंद म्हणून वाढली. महाराष्ट्रात मात्र हौस, गरज आणि उपजीविका यांच्या सीमारेषा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. म्हणून तिचा येथील इतिहास पाहावयाचा, तर तो सायकलदुरुस्तीच्या दुकानात, चित्रकाराच्या घरात, सोनारकामाचे ठसे कोरणाऱ्याच्या ओटीवर आणि बागायतीतील पंपाच्या खोपीत शोधावा लागतो.

पूर्वेतिहास : घराला लागून असलेली लोहाराची भट्टी ही या प्रकारच्या कर्मशाळेचे सर्वांत जुने रूप होय. भाता, ऐरण, हातोडे, सांडशी, छिन्न्या आणि पाण्याची डोणी एवढ्या साहित्यावर गावचा लोहार फाळ, कुऱ्हाडी, विळे, गाडीच्या धावा आणि बिजागऱ्या करून देत असे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत लोहार व सुतार यांचे कसब वंशपरंपरेने चाले. पोलाद किती तापवावे, त्याला पाणी केव्हा पाजावे आणि धार कोणत्या रंगावर उतरवावी हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. ते लिहून ठेवण्याची प्रथा नव्हती. ही व्यवस्था कसब टिकविण्यास जशी उपकारक ठरली, तशीच इतरांना त्यापासून दूर ठेवण्यासही कारणीभूत झाली. हाताने काम करणारा आणि पुस्तक वाचणारा यांच्यामधील हे अंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारसे कमी झाले नाही. गृहयंत्रशाळेच्या इतिहासाला सामाजिक महत्त्व आहे, ते मुख्यतः हे अंतर कमी करण्यात तिचा वाटा आहे म्हणून.

लेथ हे गृहयंत्रशाळेचे प्रमुख यंत्र आहे. फिरत्या वस्तूला धारदार हत्यार लावून तिला गोल आकार देण्याची ही रीत फार प्राचीन असून ईजिप्तमधील पेटोसायरिस याच्या थडग्यातील सु. इ. स. पू. ३०० या काळातील शिल्पचित्रात दोन माणसे लेथवर काम करताना दाखविली आहेत. भारतात कातारी जमिनीवर बसून, दोरीने मागेपुढे फिरणाऱ्या लाकडावर हत्यार धरून पाळण्याचे खांब, लाटणी व खेळणी कातीत असे. या पद्धतीत हत्यार हातात धरलेले असल्याने कामाची अचूकता कारागिराच्या हातावर अवलंबून राहते. हत्यार घट्ट धरून ते स्क्रूच्या साहाय्याने सरकविणारी सरकपट्टी आणि आटे कापण्यासाठी दंतचक्रांनी जोडलेला मार्गदर्शक स्क्रू या दोहोंची परिणामकारक सांगड इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ली याने १८०० च्या सुमारास घातली. तेव्हापासून धातूचे अचूक कातकाम सामान्य कुवतीच्या माणसाच्या आवाक्यात आले.

छंद म्हणून कातकाम करण्याची प्रथा यूरोपातील राजघराण्यांत त्याआधीच रूढ होती. रशियाचा झार पीटर द ग्रेट (१६७२–१७२५) स्वतः लेथवर काम करी आणि त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव्ह हा निष्णात यंत्रज्ञ होता. फ्रान्सचा राजा सोळावा लूई याला कुलुपे तयार करण्याचा नाद होता. लंडनमध्ये होल्टझाप्फेल घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नक्षीदार कातकामाचे लेथ बनवून श्रीमंत ग्राहकांना विकले. त्या घराण्यातील चार्ल्‌स होल्टझाप्फेल याच्या कातकामावरील बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मध्यमवर्गात या छंदाचा प्रसार १८९८ नंतर झाला. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये द मॉडेल एंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी तेथे नमुना-यंत्रे करणाऱ्यांचा संघही स्थापन झाला. वाफेच्या लहान आगगाड्या, घड्याळे, एंजिने व विद्युत् उपकरणे घरी कशी करावीत, याचे क्रमवार पाठ अशा नियतकालिकांतून येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मायफर्ड कंपनीचा साडेतीन इंच केंद्रोच्चीचा लेथ आणि अमेरिकेत साउथ बेंड येथील कारखान्याचे लहान लेथ हे हौशी यंत्रकारांचे परिचित सोबती झाले.

घरगुती शक्तिसाधने : पायाने चालविलेल्या लेथवर धातू कापणे कष्टाचे असते. पाय आणि हात यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागत असल्याने सूक्ष्म कामात व्यत्यय येतो. कारखान्यातील वाफ-एंजिन घरात आणणे शक्य नव्हते. ही अडचण विद्युत् चलित्राने दूर केली. १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांनी प्रवर्तन चलित्राची एकस्वे मिळविली व पुढील वर्षी डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजऱ्यासारखा फिरता भाग असलेले तीन कलांचे चलित्र बनविले. या चलित्राच्या फिरत्या भागाला बाहेरून वीज पोहोचविण्यासाठी ब्रश लागत नाहीत. त्यामुळे झिजणारे भाग मोजकेच, म्हणजे मुख्यतः धारवे (बेअरिंगे) एवढेच राहतात. अर्धा अश्वशक्तीचे, म्हणजे सु. ३७३ वॉटचे असे चलित्र लहान लेथ चालविण्यास पुरेसे होते. महाराष्ट्रात खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीजपुरवठा सुरू झाला. परंतु शहराबाहेर वीज पोहोचण्यास पुढील कित्येक दशके लागली. त्या काळात ग्रामीण यंत्रशाळांची मदार तेलावर चालणाऱ्या एंजिनांवर होती.

महाराष्ट्रातील परंपरा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि बडोद्याचे कलाभवन (स्थापना १८९०) या संस्थांमुळे पांढरपेशा वर्गातील तरुणांचा हत्यारांशी संबंध येऊ लागला. याच सुमारास शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी मुंबईत लहान यांत्रिक प्रयोगांपासून आरंभ करून पुढे इंग्लंड-अमेरिकेत मुद्रणाचे खिळे ओतण्याच्या यंत्रांबद्दल नाव मिळविले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांची कथा अधिक बोधप्रद आहे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या कलाशाळेत गेले. परंतु रंगांधत्वामुळे तो मार्ग सोडून त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले व पुढे तेच विषय शिकविले. बेळगाव येथे त्यांनी बंधूंसमवेत चालविलेल्या सायकलींच्या दुकानातून दुरुस्ती, दुरुस्तीतून सुटे भाग आणि त्यातून शेतीची अवजारे असा व्यवसायाचा विस्तार झाला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने होत. लोखंडाने जमीन नापीक होते, या समजुतीमुळे नांगर विकला जाण्यास बराच काळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. १९२० मध्ये तेथून निघू लागलेल्या किर्लोस्कर खबर या नियतकालिकाचा आरंभ कारखान्याच्या वार्तापत्राच्या स्वरूपात झाला होता. यंत्र आणि वाचक यांची मराठीतून ओळख करून देण्यात त्याचा वाटा आहे.

चलच्चित्राच्या क्षेत्रात गृहयंत्रशाळेने केलेली कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले. कच्ची फिल्म त्या वेळी बिनछिद्राची मिळत असे. तिला अंधारात हाताने छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी घरीच केले. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाची यांत्रिक बाजू अशा रीतीने दादर येथील राहत्या घरात सांभाळली गेली.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. मेस्त्री घराण्यातील हे दोघे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत होते. विदेशी कॅमेरा विकत घेणे परवडण्यासारखे नसल्याने त्यांनी तो स्वतः बनविण्याचे ठरविले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला.

या कामातील अडचण नीट ध्यानात घेतली पाहिजे. चित्रण-कॅमेऱ्यात फिल्म सतत सरकत नाही. ती एक चित्र घेईपर्यंत थांबते, झडप मिटताच एका चित्राएवढी पुढे ओढली जाते व पुन्हा थांबते. मूकपटांच्या काळात ही क्रिया दर सेकंदाला सोळा वेळा किंवा त्याच्या आसपास व्हावी लागे. चित्राची रुंदी सु. २४ मिमी. असते. ते चित्र ४·८ मी. रुंद पडद्यावर टाकल्यास २०० पट मोठे होते. म्हणजे फिल्म थांबण्याच्या जागेत केवळ ०·१ मिमी. चूक झाली, तरी पडद्यावरील चित्र २ सेंमी. उडते. त्यामुळे दंतचक्रे, आस व फिल्म ओढणारा आकडा यांत अशी ढिलाई चालत नाही. मापनाची उंची साधने हाताशी नसताना ही अचूकता साधावयाची, तर एक भाग दुसऱ्यावर घासून, तपासून व पुन्हा घासूनच साधावी लागते. आयात वस्तूचा अभाव हे या यंत्रशाळेचे प्रयोजन होते आणि तो दूर होताच तिचे रूपांतर व्यवसायात झाले. गृहयंत्रशाळेतून उद्योगाकडे जाणारा हा मार्ग महाराष्ट्रात पुनःपुन्हा आढळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळा व यंत्रशाळा, उसाचे चरक व तेल-एंजिने यांच्या दुरुस्तीच्या गरजेतून अशाच वाढत गेल्या.

साधनसामग्री : हौशी यंत्रकाराचा आरंभ बहुधा हाताच्या हत्यारांनी होतो. शेगडा (व्हाइस), कानशी, लोखंडी करवत, छिन्नी, हातोडी, गुण्या, पाने व आटे पाडण्याचे टॅप आणि डाय एवढ्या साहित्यात पुष्कळ कामे होतात. कानस सपाट चालविता येणे ही या विद्येची पहिली परीक्षा मानतात, कारण हात वर-खाली झाल्यास पृष्ठभाग मध्ये फुगीर होतो. त्यानंतर छिद्रण यंत्र, शाणन यंत्र आणि लेथ यांची भर पडते. लेथच्या सरकपट्टीवर कोनपट्टी बसवून चपटे भाग कापता येतात, मुख्य आसात गिरमिट धरून छिद्रे पाडता येतात आणि दंतचक्रे बदलून निरनिराळ्या मापांचे आटे कापता येतात.

भारतीय कारागिराला दोन मापनपद्धती एकाच वेळी सांभाळाव्या लागल्या. इंचाचा आठवा भाग म्हणजे ‘सूत’ आणि हजारावा भाग म्हणजे ‘थाऊ’ ही मापे कर्मशाळांत रुळली होती. १९५६ च्या कायद्यानुसार मेट्रिक पद्धती स्वीकारल्यानंतरही जुनी यंत्रे इंचीच राहिली. इंची मार्गदर्शक स्क्रूच्या लेथवर मिलिमीटरचे आटे कापण्यासाठी १२७ दात्यांचे चक्र वापरतात. एक इंच म्हणजे २५·४ मिमी. आणि १२७ ला ५ ने भागल्यास नेमके २५·४ येतात, हे त्याचे कारण होय. गणिताचा असा उपयोग प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही.

यंत्रांच्या उपलब्धतेत १९५० नंतर फरक पडला. बंगलोर येथे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या कंपनीचे लेथ मोठ्या कारखान्यांसाठी होते. लहान कर्मशाळांची गरज प्रामुख्याने बटाला व राजकोट येथील स्वस्त लेथांनी भागविली. हत्यारांसाठी मुंबईतील नागदेवी मार्ग, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ आणि जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार ही ठिकाणे राज्यभरातील कारागिरांना परिचित आहेत. जुने यंत्र घेताना मार्गपट्ट्यांची झीज, मुख्य आसाची ढिलाई व दंतचक्रांचा पूर्ण संच या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. रंगाच्या चकाकीवरून यंत्राची परीक्षा होत नाही.

डहाणूची किनारपट्टी : गृहयंत्रशाळा ही केवळ शहरी बाब नव्हे, हे पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातील) डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवरून स्पष्ट होते. डहाणूच्या उत्तरेस नरपड, चिखले, घोलवड व बोर्डी ही गावे समुद्राला लागून ओळीने वसलेली आहेत. चिकूच्या वाड्या, भाजीपाला व मासेमारी ही या पट्ट्याची ओळख आहे. उत्तर कोकणातील वाड्यांना पूर्वी रहाटाने पाणी देत असत. रहाटाची दुरुस्ती सुतार-लोहार गावातच करीत. पुढे तेल-एंजिने व त्यांमागून विजेचे पंप आले, तसेच मासेमारी होड्यांवर डीझेल एंजिने बसली. दुरुस्तीची गरज राहिली, पण तिचे स्वरूप बदलले. चिखल्यासारख्या गावात पंप जळाल्यास तो बाजारगावी नेणे, गुंडाळी नव्याने होईपर्यंत थांबणे व परत आणून बसविणे यांत अनेक दिवस जातात. ऐन एप्रिल-मेमध्ये असे झाल्यास नवी कलमे वाळण्याचा धोका असतो. त्यामुळे ज्याच्या घरी धारवा ओढण्याचा पुलर, विद्युत् मापक आणि थोडे ज्ञान आहे, अशा माणसाला या पट्ट्यात विशेष मोल आहे.

याच तालुक्याच्या दक्षिण भागात चिंचणी, वरोर व वाणगाव या परिसरात सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे ठसे कोरण्याचा घरगुती उद्योग रुजला. ठसा म्हणजे पोलादी ठोकळ्यावर उलट कोरलेली नक्षी होय. मऊ केलेल्या पोलादावर छिन्नी, कोरणी व बारीक कानशी यांनी नक्षी कोरून नंतर ते तापवून व पाणी पाजून कठीण केले जाते. अशा ठशावर पातळ पत्रा दाबला, म्हणजे त्यावर नक्षी उमटते. कोरताना चूक झाल्यास काढलेले पोलाद परत भरता येत नाही. म्हणून या कामात हाताइतकाच संयम लागतो. संगणकनियंत्रित यंत्रांनी कोरकाम होऊ लागल्यापासून हातकोरणीला मोठी स्पर्धा निर्माण झाली आहे.

केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. उद्योगांची हिरवी, नारिंगी व लाल अशी वर्गवारी करण्यात येऊन लाल वर्गातील उद्योगांना मनाई झाली आणि औद्योगिक वापराची एकूण जमीन ५०० एकरांपुरती मर्यादित झाली. या निर्बंधांवर देखरेख करण्यासाठी १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. निर्बंधांमुळे रोजगार खुंटला, असे काहींचे मत आहे, तर बागा व किनारा त्यांमुळेच वाचला, असे इतर मानतात. या वादाचा निकाल कसाही लागो, जेथे मोठे कारखाने येऊ शकत नाहीत, तेथे लहान दुरुस्तिशाळांचे महत्त्व वाढते. मात्र वापरलेले वंगण, रॉकेल व रोगण विहिरीच्या आसपास ओतल्यास लहान यंत्रशाळाही पाणी दूषित करते. म्हणून अशी द्रव्ये बंद डब्यात साठवून योग्य ठिकाणी देणे आवश्यक असते.

चलित्रांची निगा : शेतीपंपासाठी सामान्यतः तीन कलांचे, ४१५ व्होल्टचे प्रवर्तन चलित्र व घरगुती यंत्रांसाठी एक कलेचे, २३० व्होल्टचे चलित्र वापरतात. चार ध्रुवांच्या चलित्रातील चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्‌झ विजेवर मिनिटाला १,५०० फेरे करते. प्रत्यक्ष आस सु. १,४४० फेरे फिरतो. चलित्र जळण्याची कारणे बहुधा चारच असतात : जादा भार, कमी दाब, एक कला तुटणे व ओलावा. तीनपैकी एका कलेचा वितळतार तुटल्यावरही फिरते चलित्र उरलेल्या दोन तारांवर फिरत राहते. मात्र तेवढाच भार ओढण्यासाठी त्या तारांतील प्रवाह सु. पावणेदोन पट होतो आणि गुंडाळी काही मिनिटांत करपते. थांबलेले चलित्र अशा वेळी सुरू न होता नुसते गुणगुणते. ही खूण ओळखून लगेच कळ बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. योग्य मापाचा अतिभार-रक्षक बसविल्यास हे काम आपोआप होते. तापमानाचाही परिणाम लक्षात घ्यावा लागतो. निरोधनाच्या मर्यादेपेक्षा तापमान १० अंश से. ने सतत जास्त राहिल्यास त्याचे आयुष्य सु. निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

समुद्रकाठी खाऱ्या वाऱ्यामुळे आणखी एक अडचण येते. गुंडाळीवर बसलेले मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. असे चलित्र नुसते वाळविले, तर काही दिवसांत ते पुन्हा ओले होते. म्हणून ते उघडून प्रथम गोड्या पाण्याने धुतात व नंतर बंद पेटीत दिव्यांच्या उबेने सु. ७०–८० अंश से. तापमानात वाळवितात. मग ५०० व्होल्टच्या मेगरने निरोधन-रोध मोजतात. तो एक मेगओहमपेक्षा कमी असल्यास वीज जोडीत नाहीत. वाळल्यावर रोगणाचा हात दिल्यास गुंडाळीचे आयुष्य वाढते.

धारवा काढताना हातोडीचे घाव न घालता पुलर वापरावा लागतो. नवा धारवा तेलात सु. ८०–१०० अंश से. पर्यंत तापवून आसावर सरकवितात. तो दाबावयाचा झाल्यास जोर फक्त आतील कड्यावर द्यावा लागतो. बाहेरील कड्यावर दिल्यास गोळ्यांच्या वाटेवर खाचा पडतात. वंगण निम्म्यापेक्षा जास्त भरल्यास धारवा तापतो. ‘जास्त वंगण म्हणजे जास्त निगा’ हा समज चुकीचा आहे.

गुंडाळी नव्याने करावयाची असल्यास जुनी कापण्यापूर्वी खाचांची संख्या, वेटोळ्यांचा पल्ला, वेढे, तारेचे माप व जोडण्या लिहून ठेवणे आवश्यक असते. वेळ वाचविण्यासाठी काही ठिकाणी जुनी गुंडाळी उघड्या जाळात जाळून काढतात. त्यामुळे गाभ्यातील पातळ पत्र्यांमधील निरोधन नष्ट होते, गाभा तापू लागतो आणि चलित्र फिरत असले, तरी वीज जास्त खाते. एकदा स्वस्तात केलेल्या दुरुस्तीची किंमत शेतकऱ्याला पुढील कित्येक वर्षे वीजदेयकातून मोजावी लागते.

सुरक्षितता : गृहयंत्रशाळेत देखरेख करणारे दुसरे कोणी नसल्याने काम करणाऱ्यालाच दक्षता घ्यावी लागते. फिरत्या लेथजवळ सैल बाही, पदर, उपरणे किंवा हातमोजे वापरणे धोक्याचे असते. चक (शिकंजा) आवळल्यावर त्याची किल्ली त्यातच राहिल्यास यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी उडते. शाणन यंत्रावर चष्मा वापरणे व दगड बसविण्यापूर्वी हलका ठोकून त्याचा नाद पाहणे आवश्यक असते. तडा गेलेला दगड खणखणीत वाजत नाही. प्रत्येक यंत्राच्या सांगाड्याला भूसंपर्क असला पाहिजे. धारित्र असलेल्या चलित्रात वीज बंद केल्यावरही काही काळ भार शिल्लक राहतो. म्हणून तो उतरविल्याशिवाय हात लावीत नाहीत.

शिक्षण व सद्यःस्थिती : हाताने करीत शिकण्याच्या पद्धतीला महाराष्ट्रात निश्चित रूप देण्याचे श्रेय डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांना द्यावे लागेल. औद्योगिक संशोधनातील नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेली ग्रामीण मुले जोडकाम, सुतारकाम, वीजकाम, शेती व अन्नप्रक्रिया ही कामे गावाला सेवा देतच शिकतील, ही त्यांची भूमिका होती. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ ही संगणकनियंत्रित यंत्रांची प्रयोगशाळा उभी राहिली. २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल उपक्रमाखाली शाळांमध्येही लहान प्रयोगशाळा सुरू झाल्या. त्रिमितीय मुद्रक व स्वस्त सूक्ष्मनियंत्रक यांमुळे, पूर्वी कानशीने आठवडाभर घासावा लागणारा भाग आता काही तासांत तयार होतो.

तथापि एक अडचण नव्याने उद्भवली आहे. पूर्वीचे यंत्र उघडून पाहता येत असे. आता पुष्कळ उपकरणे चिकटवून बंद केलेली असतात, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू घेणे सोयीचे होते. या प्रश्नाची दखल घेऊन केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. शहरातील ग्राहकाला ही केवळ गैरसोय वाटेल. परंतु ज्या गावाचे पाणी एका चलित्रावर अवलंबून आहे, तेथे ते उघडता येणे आणि उघडणारा माणूस गावात असणे हा पीक वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न असतो.

कोल्हापूरच्या कलावंतांनी कॅमेरा घडविला तो परवडत नव्हता म्हणून, बेळगावच्या दुकानात अवजारे झाली ती शेतकऱ्याला हवी होती म्हणून आणि चिखल्यासारख्या किनाऱ्यावरील गावात चलित्र दुरुस्त होते ते बाग जगवायची आहे म्हणून. या तिन्ही ठिकाणी यंत्र वापरणाऱ्याने ते समजूनही घेतले, हे त्यांतील समान सूत्र होय. गृहयंत्रशाळेत तयार होणाऱ्या वस्तू बाजारात पुष्कळदा अधिक स्वस्त मिळू शकतात. ही समज मात्र विकत मिळत नाही. ती टिकविण्याचे स्थान म्हणून घरातील या लहान कर्मशाळेचे महत्त्व कायम आहे.